इंगळेकाकांची पेटी

दूधवाला दारात आला की इंगळेकाका आधी त्याच्या मापात बोट बुडवायचे आणि दुधाचा थेंब नखावर धरायचे. थेंब घरंगळला तर दुधात पाणी, टिकला तर दूध खरं. थेंब टिकायचा. मग काका दुधाऐवजी स्वतःच्या नखाकडे संशयाने बघायचे. दूधवाला काकुळतीला येऊन म्हणायचा, "काका, भगवानना सोगन, पाणी नथी." त्यावर काका म्हणायचे, "पाणी नाही तर मग शपथ कशाला घेतोस?"

मी लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा सासूबाईंनी गल्लीतल्या माणसांची ओळख करून दिली. कोण कुठल्या गावचं, कोणाशी किती बोलायचं, कोणाला विरजण द्यायचं, सगळं सांगितलं. समोरच्या घराकडे बोट करून म्हणाल्या, "ते इंगळे. माणूस वाईट नाही. पण त्यांना नमस्कार केलास तरी विचारतील, का केलास म्हणून." मला ती सासूबाईंची अतिशयोक्ती वाटली. दुसऱ्या दिवशी मी वाकून नमस्कार केला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "काय काम होतं?"

त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. राजवाड्याच्या कुठल्याशा दरवाजावर त्यांचा पहारा असे. पहारेकऱ्याचं घराणं, ये-जा करणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यायची हे रक्तातच, असं सासूबाईंचं मत. काका स्वतः मकरपुऱ्याकडच्या एका कारखान्यात थंडाव्याच्या यंत्रांवर फोरमन होते आणि मी आले त्याच सुमारास निवृत्त झाले होते. यंत्रांवर मात्र त्यांचा विश्वास होता. "मशीन बिघडतं, पण खोटं बोलत नाही," असं ते म्हणायचे. माणसांबद्दल याच्या अगदी उलट त्यांचं मत होतं.

आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात. लग्नामुंजीत गल्लीभर पातेली फिरतात, ती ओळखू यावीत म्हणून. इंगळेकाकांनी हा प्रकार पार टोकाला नेला होता. मांडवीत नावं घालणारा एक म्हातारा बसायचा, त्याच्याकडे ते पाना घेऊन जात, छत्रीची दांडी घेऊन जात, बादलीची कडी घेऊन जात. सगळ्यावर "भा. र. इंगळे, बडोदे". एकदा त्यांच्या अंगणातली कुंडी कोणीतरी सरकवली, तर त्यांनी कुंडीवरही खिळ्याने नाव कोरलं. सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "माझ्यावर तेवढं घातलेलं नाही अजून. बहुतेक मला कोण नेणार अशी खात्री असावी."

सुमनकाकू हसऱ्या होत्या. अशा माणसाबरोबर जन्म काढून त्या हसऱ्या कशा राहिल्या हे मला कोडंच होतं. विचारलं तर म्हणायच्या, "ह्यांचा माझ्यावर विश्वास आहे. कारण मी ह्यांना काही सांगतच नाही."

त्यांचा एकुलता एक मुलगा अजित कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेला. ते दिवसच तसे होते. गल्लीत दर दोन घरांआड कोणाचा तरी मुलगा जात होता आणि मागे राहिलेले आईबाप घरात फोन आणि दिवाणखान्यात सोफा घेत होते. अजित दर रविवारी फोन करायचा. काका आधी त्याची परीक्षा घ्यायचे. "अजित बोलतोयस? मग सांग, मागच्या दाराची कडी कुठल्या बाजूला आहे?" अजित बिचारा महागाचा फोन धरून सांगायचा, डाव्या बाजूला. मग काकू फोन घ्यायच्या. दिवाळीला येतो म्हणून तो एकदा आला नाही, पुन्हा एकदा आला नाही. व्हिसाचं काहीतरी होतं, ऑफिसचं काहीतरी होतं. काकूंना ते पटायचं. काका म्हणायचे, "कारण एक असतं तर मी मानलं असतं. दोन कारणं म्हणजे खोटं."

हे सगळं असंच चाललं असतं. पण एका मे महिन्यात गल्लीच्या टोकाचे देशपांडे आजोबा गेले.

त्यांचाही मुलगा अमेरिकेत. तो निघालो म्हणाला. लोकांनी आजोबांना बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं. बडोद्याचा मे महिना, लाद्या बघता बघता वितळायच्या, पाणी ओसरीवरून रस्त्यावर वाहायचं, आणि नवी लादी घेऊन येणारी हातगाडी वाटेतच निम्मी व्हायची. दुसऱ्या दिवशी दुपारी जाणती माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कोणी म्हणालं, आता ठेवू नये. कोणी म्हणालं, आत्म्याला त्रास होतो. संध्याकाळी उचललं. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षातून उतरला, तेव्हा त्याच्या हातात फडक्याने तोंड बांधलेलं मडकं दिलं. तो ओसरीच्या पायरीवर ते मांडीवर घेऊन बसला. त्याचं बसणं कोणाला बघवेना, सगळे आपापल्या घरात गेले. इंगळेकाका एकटेच समोर उभे राहून बघत होते.

घरी येऊन ते काकूंना म्हणाले, "मला पण हे असेच उरकणार. थांबणार नाहीत. अजित उतरेपर्यंत माझं मडकं तयार."

"अजित येणार हे तरी कबूल केलंत," काकू म्हणाल्या.

"येईल की नाही ते नंतर. पण आला तर मी दिसलो पाहिजे."

एवढंच त्या माणसाच्या मनात भरलं होतं. पुढे त्यांनी जे काही केलं ते यासाठी. पोराला आपलं तोंड दिसलं पाहिजे आणि त्याबाबतीत गल्लीवर, बर्फवाल्यावर, भटजीवर, कोणावर म्हणून विसंबायचं नाही.

आमच्या शेजारी हसमुखभाई राहत. त्यांच्याकडे दोन गाड्या होत्या, डाकोर-पावागढच्या सहली नेत. त्यातली जुनी व्हॅन एसीची होती. त्या काळात एसीची व्हॅन म्हणजे मोठी ऐट. पण तिचं इंजिन बसलं, दुरुस्तीत राम राहिला नाही, आणि ती लिंबाच्या झाडाखाली उभी राहून राहून चाकांपर्यंत पाल्यात बुडाली. एके सकाळी काका हसमुखभाईंकडे गेले आणि तिचा एसी मागितला.

हसमुखभाईंनी डोळे बारीक केले. "काका, एसी शुं करशो? घरमां तो पंखो पण बंध राखो छो."

"लागतो," काका म्हणाले.

"पण शेना माटे?" कशासाठी, हे त्यांना कळायला हवं होतं.

"तुम्हाला द्यायचा आहे की नाही ते सांगा."

हसमुखभाईंनी दिला. पण त्यांच्याही मनात किडा शिरला. ज्या माणसाने आयुष्यात कोणाकडे चमचाभर साखर मागितली नाही, तो एसी मागतो म्हणजे त्यात काहीतरी आहे. ते रोज अंगणात दातण करत व्हॅनकडे बघत राहायचे. आणि ते बघतात म्हणून काकांनी व्हॅनभोवती जुन्या चादरी बांधल्या. चादरी बांधल्या म्हणून सगळी गल्ली बघायला लागली.

मला मात्र आत जाऊन बघायला मिळालं, कारण काकू माझ्या हाती त्यांचा चहा पाठवायच्या. काका कप घ्यायचे, वास घ्यायचे, मग प्यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी पाइपाचा एक नट जरासा सैल केला आणि मला म्हणाले, "लांब उभी राहा." फुस्स आवाज झाला, पांढरा धूर उठला. त्या काळी जुना गॅस असाच हवेत सोडून देत. तो पूर्ण गेल्याशिवाय त्यांनी पुढचा स्क्रू हलवला नाही. मग पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर निघाला, इंजिनाच्या कडेचा कॉम्प्रेसर निघाला, टपाखालची थंडाव्याची कॉइल आणि तिचे पंखे निघाले. दर वेळी पाइप सुटला की ते ताबडतोब त्याच्या तोंडात औषधाच्या बाटलीचं बूच खुपसायचे, वर फडकं, वर सुतळी.

"हे कशाला, काका?"

"हवा. हवेत ओल असते. एकदा आत शिरली की आतून खाते."

म्हणजे ह्यांचा हवेवरही विश्वास नाही, हे मी घरी जाऊन सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "नवल काय."

गॅस सुकवणारा डबा मात्र त्यांनी जुना घेतला नाही, नवा आणला. रबरी वायसर नवे आणले. बाकी सगळं व्हॅनचं. आणि प्रत्येक भाग पोत्यात घालून मांडवीत नेला आणि त्या म्हाताऱ्याकडून नाव घालून आणला. कॉम्प्रेसर समोर ठेवला तेव्हा तो म्हातारा चक्रावला आणि त्याने विचारलं म्हणे, "आ कयुं वासण छे?" म्हणजे, हे कुठलं भांडं?

मग त्यांच्या मागच्या पडवीत ठोकाठोक सुरू झाली. दार आतून बंद. तांब्याचे पाइप, बंद पेटी, गॅसचा वास, मधूनच मोटरचा घर्र आवाज. आता गुजरातेत दारूबंदी. बंद पडवीत तांब्याच्या नळ्यांची वेटोळी दिसली की इथल्या माणसाच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही. कोणीतरी चौकीवर सांगून आलं. एक जाडजूड हवालदार आला आणि पडवीच्या दारावर त्याने काठी आपटली. आम्ही सगळे आपापल्या ओट्यावर काही ना काही काम काढून उभे होतो.

काकांनी दार उघडलं. हवालदाराने आत डोकावून विचारलं, "काका, आमां शुं बने छे?"

"कंई नथी बनतुं," काका शांतपणे म्हणाले. "मडदुं मूकवानी पेटी छे. खातरी करवी होय तो सूई जाओ अंदर."

आत झोपून खात्री करा म्हणत त्यांनी झाकणही उघडून धरलं. हवालदार दोन पावलं मागे सरला, टोपी काढून पुन्हा घातली आणि काठी विसरून निघून गेला. त्या दिवशी गल्लीला पेटीचा अर्थ कळला. पेटी लाकडी होती, आतून पत्रा, मधे थर्माकोल, झाकणात तोंडापाशी काच. पायाशी व्हॅनची कॉइल आणि पंखा. खाली लोखंडी चौकटीत कॉम्प्रेसर. व्हॅनमध्ये तो इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा, इथे काकांनी विजेच्या मोटरवर पट्टा चढवला होता. क्लचला व्हॅनची बॅटरी. वीज गेली तर हसमुखभाईंच्या जनरेटरला जोडायला वेगळी तार. विजेवर विसंबायचं कसं?

चौकीवर कोण गेलं याबद्दल काकांचा संशय आमच्या सासूबाईंवर होता. सासूबाईंचा हसमुखभाईंवर. हसमुखभाईंचा काय होता ते त्यांनी सांगितलं नाही, पण ते काही दिवस माझ्या नवऱ्याशी बोलत नव्हते.

काकू मात्र त्या दिवशी आमच्याकडे येऊन पोट धरून हसल्या. "अगं, मी उन्हाळाभर पदराने वारा घेते. आणि ह्यांना मेल्यावर एसी."

पेटी काकांनी स्वतःसाठी केली होती, पण तिच्यात पहिल्या गेल्या त्या हसमुखभाईंच्या बा, म्हणजे आई. त्यांचा धाकटा मुलगा लंडनला होता. हसमुखभाई दारात येऊन उभे राहिले. काका म्हणाले, "झाकणाला कोणी हात लावायचा नाही." मग ते पेटीशेजारी खुर्ची टाकून जे बसले ते धाकटा येईपर्यंत उठले नाहीत. नातेवाइकांची पोरं काच बघायला जवळ आली की त्यांच्याकडे असे बघायचे की पोरं आपोआप मागे जायची. पाद्रा गावाहून आलेल्या बायका आपसांत म्हणाल्या, हे मराठी काका सख्ख्या मुलासारखे बसलेत. धाकटा आला, त्याने आईचं तोंड बघितलं, आणि रडत रडत काकांच्या पायांवर पडला. काका म्हणाले, "पाय सोडा. झाकण उघडं राहिलंय."

त्यानंतर पेटी गल्लीबाहेरही जायला लागली. काका बरोबर जायचे. दर वेळी परत आल्यावर सगळे भाग तपासायचे, कोणी बदलले तर नाहीत ना. आणि दर वेळी काकूंना सांगायचे, "पोरगा पोचला. तोंड दिसलं." हे सांगताना त्यांचा आवाज वेगळा यायचा, असं काकू म्हणायच्या. मला वाटतं, त्या पेटीभोवती त्यांना पहिल्यांदाच अशी माणसं दिसत होती जी येतो म्हणून खरोखर येत होती.

सुमनकाकू गेल्या त्या वैशाखात. ताप आला होता, उतरलाही होता. सकाळी देवाला फुलं काढायला म्हणून उठल्या आणि मोगऱ्यापाशीच बसल्या. मी धावत गेले तोवर काही उरलं नव्हतं.

काकांनी अजितला स्वतः फोन केला. त्या दिवशी त्यांनी कडीचं काही विचारलं नाही. "आई गेली," एवढंच म्हणाले. अजित म्हणाला, "बाबा, मी निघतोय. लंडनमार्गे मुंबईला उतरतो, परवा सकाळच्या गाडीने बडोद्याला. थांबा." काकांनी फोन ठेवला, पेटी बाहेर आणली, आणि काकूंना आत ठेवताना कोणाला हात लावू दिला नाही. फक्त मला म्हणाले, "केस नीट कर तिचे."

मशीन घर्र करून सुरू झालं आणि काका खुर्ची टाकून बसले. तो दिवस गेला, दुसरा गेला. पेटी बिनतक्रार चालली. परवाची सकाळ उजाडली, गाडी आली आणि अजित आला नाही. फोनही नाही. खरं तर फोन सारखा वाजत होता. सुरतहून, नाशिकहून, कुठून कुठून नातेवाईक सांत्वनाला फोन करत होते आणि काका प्रत्येकाला "हो, हो" म्हणून ठेवत होते. पुढच्या गाड्याही येऊन गेल्या.

मग काकांनी हसमुखभाईंना अलकापुरीत विमान कंपनीच्या कचेरीत पाठवलं. सहलींच्या धंद्यामुळे त्यांची तिथे ओळख होती. खात्री करून या म्हणाले. हसमुखभाई परत आले ते मान खाली घालूनच. लंडनहून मुंबईला आलेल्या त्या विमानात इंगळे नावाचं कोणी नव्हतं.

"बघा," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. वर्षानुवर्षं ज्याचा संशय होता ते अखेर कागदोपत्री सिद्ध झालं होतं. ते उठून उभे राहिले. "चला. तयारी करा."

मला अजून आठवतं, सगळी गल्ली नको म्हणाली. जी माणसं थांबणार नाहीत म्हणून काकांनी ती पेटी केली, तीच माणसं थांबा म्हणत होती. हसमुखभाई हात जोडून म्हणाले, "काका, दीकरो छे, आवशे. मशीन तो बराबर चाले छे." सासूबाई, ज्यांच्याशी ते चौकीच्या प्रकरणापासून धड बोलत नव्हते, पुढे होऊन म्हणाल्या, "भावजी, तो येतो म्हणालाय. एवढा आजचा दिवस जाऊ द्या."

"पेटी थांबेल हो," काका म्हणाले. "येणारा कुठे आहे?"

त्यांच्यापुढे कोणाचं काय चालणार? उन्हातच पुरुषमंडळी काकूंना घेऊन खासवाडीच्या स्मशानात गेली. काकांनीच अग्नी दिला.

आम्ही बायका मागे राहिलो. ओसरी धुतली, पिठावर दिवा लावला. पेटी तशीच होती, झाकण उघडं, आणि मशीन चालू. काकांच्या बटणाला हात लावायची कोणाची टाप नव्हती. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

अजित उतरला. दाढी वाढलेली, खांद्याला एकच पिशवी. त्याने आमच्याकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं आणि त्याला सगळं समजलं. चपला काढून तो पेटीपाशी गेला आणि आत हात घातला. आत गार होतं. त्याने हात तसाच ठेवला. मी पाणी आणलं, ते त्याने घेतलं नाही. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या आत गेल्या.

पुरुष परतले ते ओल्या कपड्यांनी. काका सगळ्यांत मागे होते. उंबऱ्यापाशी आले आणि अजितला बघून थबकले.

"बाबा, लंडनला विमान चुकलं," अजित म्हणाला. "दिल्लीचं मिळालं. मग दिल्लीहून गाडीने आलो. फोन लावत होतो, लागतच नव्हता." आणि लहानपणापासूनची सवय, त्याने खिशातून तिकीट काढून बापासमोर धरलं.

काकांनी ते घेतलं नाही. वाचलंही नाही. त्यांच्या केसांतून पाणी गळत होतं. ते पेटीपाशी गेले आणि बटणाकडे वाकले.

"बंद करायचं राहिलं," ते म्हणाले.

"राहू दे, बाबा," अजित म्हणाला. "थोडा वेळ चालू राहू दे."

काकांनी हात मागे घेतला. खुर्ची तिथेच होती, तिच्यावर ते बसले. अजित खाली जमिनीवर बसला. आम्ही सगळे हळूहळू निघून आलो. संध्याकाळ होईपर्यंत समोरून मशीनचा आवाज येत होता.